एका टीएमसीच्या पोटात

पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातली कुठलीही पुरवणी उघडा, एका कोपऱ्यात धरणांचा तक्ता असतो: उपयुक्त साठा, टक्केवारी, विसर्ग. मंचरहून भीमाशंकरकडे निघालं आणि घोडेगाव मागे टाकलं की शिनोली लागते, आणि तिथून पुढे घोड नदीवरचं डिंभे धरण. शिनोलीच्या माणसासाठी हा तक्ता म्हणजे घरचा आकडा. डिंभे कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी एक. जलाशयाला धरणाच्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. एकूण साठवण सुमारे साडेतेरा टीएमसी. हा टीएमसी सगळ्यांच्या तोंडी असतो. पाराशी बसलेले आजोबाही 'यंदा अजून चार टीएमसी यायला पाहिजे' म्हणतात. पण एक टीएमसी म्हणजे नेमके लिटर किती, असं विचारलं तर 'लई' यापलीकडे उत्तर मिळत नाही.

उत्तर आहे, आणि ते अगदी पूर्णांकात आहे: २८,३१,६८,४६,५९२ लिटर. अठ्ठावीस अब्ज एकतीस कोटी अडुसष्ट लाख सेहेचाळीस हजार पाचशे ब्याण्णव. पुढे दशांश चिन्ह नाही, अंदाजाचा 'सुमारे' नाही. लेखभर या एकाच संख्येशी बसायचं आहे. वाचताना कागद-पेन्सिल जवळ असेल तर उत्तम, कॅल्क्युलेटर नसला तरी अडणार नाही.

आधी एक शंका फेडतो. धरणातलं पाणी लिटरपर्यंत कोणी मोजत नाही, मोजता येत नाही. भिंतीवरची पातळी वाचून कोष्टकातून साठा काढतात, आणि ऊन पडलं की तो बदलतो. नेमकेपणा पाण्यात नाही, व्याख्येत आहे. टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट, म्हणजेच एक अब्ज घनफूट. पूर्वी इंग्रजांचा इंच आणि अमेरिकनांचा इंच यांत केसभर फरक होता. १ जुलै १९५९ पासून सहा देशांनी ठरवून टाकलं की इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर. मग बारा इंचांचा फूट बरोबर ३०४.८ मिलिमीटरचा झाला. लिटरचंही असंच. १९०१ पासून लिटरची व्याख्या एक किलो पाण्याच्या आकारमानावरून केलेली होती आणि तो घन डेसिमीटरपेक्षा किंचित मोठा भरत होता. १९६४ साली ती व्याख्या रद्द होऊन लिटर म्हणजे तंतोतंत एक घन डेसिमीटर ठरला. म्हणजे आपली अकरा अंकी संख्या १९६४च्या आधी या रूपात अस्तित्वातच नव्हती. आणखी एक गंमत अशी की दशमान पद्धतीचा कायदा आपल्याकडे १९५६ सालीच झाला, तरी कालव्याच्या कडेला आजही घनफूटच चालतो.

आता संख्येची तपासणी. मोठ्या संख्येबद्दल विचारायचा पहिला प्रश्न 'केवढी?' हा नसतो. 'हिला कशाकशाने निःशेष भाग जातो?' हा असतो. कारण प्रत्येक पूर्ण संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारातून एकाच प्रकारे बनते, आणि ते मूळ अवयव कळले की तिच्याविषयीचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

शेवटचा अंक २, म्हणजे सम. पाचने भाग जाणार नाही, कारण त्यासाठी शेवटी ० किंवा ५ लागतो. अर्धी करत जाऊ: १४,१५,८४,२३,२९६, मग ७,०७,९२,११,६४८, मग ३,५३,९६,०५,८२४. असं करत राहिलं तर नवव्यांदा ५,५३,०६,३४१ वर येऊन अडतो, कारण ही विषम आहे. म्हणजे आपल्या संख्येत २ हा अवयव बरोबर नऊ वेळा आहे. एका टीएमसीची निम्मी-निम्मी वाटणी नऊ पिढ्या बिनतक्रार चालेल, दहाव्या पिढीत अर्ध्या लिटरवरून भांडण. पाच गावांत सारखी वाटायची म्हटलं तर मात्र पहिल्याच फटक्यात दोन लिटर उरतात.

पुढची कसोटी अंकांच्या बेरजेची. २ + ८ + ३ + १ + ६ + ८ + ४ + ६ + ५ + ९ + २ = ५४. दहाला ९ने भागल्यावर १ उरतो, शंभराला भागल्यावरही १, हजारालाही १. म्हणून ९च्या लेखी प्रत्येक अंकाची किंमत स्थान कुठलंही असलं तरी तेवढीच असते, आणि अंकांची बेरीज ९च्या पटीत असेल तर संख्याही असते. ५४ आहेच. पण इथे आणखी काही हाताला लागतं: संख्येला खुद्द ५४नेही निःशेष भाग जातो. भागाकार येतो ५२,४३,८६,०४८.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला हर्षद संख्या म्हणतात. हे नाव देणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ साली डहाणूचा, शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये, आणि १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. मोठी पदवी नाही, संशोधन संस्था नाही. वही आणि मोठमोठ्या संख्या एवढंच भांडवल. त्यांनी शोधलेला ६१७४ हा आकडा जगभर गाजला. त्याचीही बेरीज १८, आणि ६१७४ला १८ने भागलं की ३४३ येतात, म्हणजे ७चा घन. टीएमसी ही हर्षद संख्या निघाली हे कापरेकरांना नक्की आवडलं असतं, असं मला वाटतं. अर्थात हर्षदपणा दहा अंकांच्या लेखनावर अवलंबून असतो; दुसऱ्या पायात लिहिली तर तीच संख्या हर्षद राहीलच असं नाही. मूळ अवयवांचं तसं नाही, ते लेखनपद्धतीवर अवलंबून नसतात.

५,५३,०६,३४१ला ३ने भागत राहू: १,८४,३५,४४७, मग ६१,४५,१४९, मग २०,४८,३८३. या शेवटच्या संख्येतल्या अंकांची बेरीज २८, ३ने भाग जात नाही. म्हणजे ३ हा अवयव तीन वेळा.

आता ७, ११ आणि १३. या तिन्हींची चाचणी एकदम घेता येते, आणि त्यासाठी लागणारी संख्या जुन्नर तालुक्यात दगडावर कोरलेली आहे. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणांची यादी आहे, आणि दक्षिणेतल्या गाईंच्या आकड्यांत १००१ आहे. वर एक ठेवायची आपली आहेराची रीत किती जुनी, हे तिथे दिसतं. या लेखातले अंक भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकांपैकी मानले जातात. विल्यम साइक्सने १८२८च्या उन्हाळ्यात हा लेख पाहिला. पुढे भगवानलाल इंद्रजींनी त्यातल्या अंकांवर मोलाचं काम केलं. तिथे शून्य नाही. हजाराला वेगळी खूण, एकाला वेगळी, त्यामुळे १००१ लिहायला दोनच खुणा पुरतात.

या १००१चे अवयव पाडले तर येतात ७ × ११ × १३. म्हणजे हजार ही संख्या यांपैकी प्रत्येकाच्या एका पटीपेक्षा बरोबर एकाने कमी. म्हणून ७, ११ किंवा १३ने भागायचं असेल तर हजाराच्या जागी 'उणे एक' धरता येतो, दशलक्षाच्या जागी 'अधिक एक', अब्जाच्या जागी पुन्हा 'उणे एक'. आपली संख्या उजवीकडून तीन-तीन अंकांत तोडा: २८ | ३१६ | ८४६ | ५९२. आता आळीपाळीने अधिक-उणे करा: ५९२ − ८४६ + ३१६ − २८ = ३४. एवढी प्रचंड संख्या, आणि तिची चौकशी आता ३४ देईल. ३४ला ७ने भागून ६ उरतात, ११ने १, १३ने ८. तिघांपैकी कोणीही अवयव नाही. अर्थात नाणेघाटाच्या त्या खुणांत ही युक्ती सुचणं अवघड होतं, कारण अंक तोडायला आधी स्थानं लागतात.

त्या ७ने उरलेल्या सहाकडे थोडं लक्ष असू द्या. कुठल्याही पूर्ण घनाला, म्हणजे एकच संख्या तीनदा घेऊन केलेल्या गुणाकाराला, ७ने भागलं तर बाकी फक्त ०, १ किंवा ६ येते. ९ने भागलं तर ०, १ किंवा ८. आपल्या संख्येच्या बाक्या ६ आणि ०. दोन्ही परीक्षांत पास. याने घन आहे हे सिद्ध होत नाही, पण संशय घ्यायला हरकत नाही.

उरलेल्या २०,४८,३८३ला आंधळेपणाने अवयव शोधायचे झाले तर १,४३१पर्यंतच्या दोनशेहून जास्त मूळ संख्या एकेक करून घासाव्या लागतील. मोठ्या संख्या फोडणं हे असं कष्टाचं काम आहे. बँकांची आणि संदेशांची बरीचशी गुप्तता याच कष्टावर उभी आहे, फक्त तिथल्या संख्या शेकडो अंकी असतात. आपल्याला मात्र संख्येचं कूळ ठाऊक आहे. ती इंचापासून जन्मली, इंच म्हणजे २५.४, आणि २५४ म्हणजे २ × १२७. तेव्हा १२७ला धरू.

१२७ची कसोटी शाळेच्या पुस्तकात नसते, पण बनवता येते. १२७ची आठ पट १०१६. म्हणजे हजार हे १२७च्या एका पटीपेक्षा १६ने कमी. १२७च्या हिशेबात हजाराच्या जागी 'उणे १६' चालेल. डावीकडून सुरू करू. पहिला गट २८. तो पुढच्या गटाच्या हजार पट आहे, म्हणून २८ × १६ = ४४८ पुढच्या ३१६मधून वजा: उणे १३२. त्यात एक १२७ मिळवला की उणे ५. आता हे उणे ५ पुढच्या गटात जाताना उणे १६ने गुणले जाऊन अधिक ८० होतात; ८४६ + ८० = ९२६. त्यातून १२७ची सात पट, ८८९, काढली की ३७. शेवटची उडी: ३७ × १६ = ५९२, हे वजा करायचे. आणि शेवटचा गट आहे ५९२. बाकी शून्य.

एखाद्या हिशेबात असं बरोबर शून्य पडतं तेव्हा होणारा आनंद सांगून कळत नाही, करून पाहावा लागतो.

२०,४८,३८३ला १२७ने भागलं की १६,१२९, त्याला पुन्हा भागलं की १२७. म्हणजे १२७सुद्धा तीन वेळा. संपूर्ण यादी झाली: २ नऊ वेळा, ३ तीन वेळा, १२७ तीन वेळा. नऊ, तीन, तीन, तिन्ही घातांक तीनच्या पटीत. संशय खरा ठरला, ही संख्या पूर्ण घन आहे. २ तीन वेळा, ३ एकदा आणि १२७ एकदा घेतले की ८ × ३ × १२७ = ३०४८. एक टीएमसीचे लिटर म्हणजे ३०४८चा घन.

हे कळल्यावर कारणही दिसतं. एक अब्ज घनफूट म्हणजे लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी हजार फूट असलेली एक पेटी. हजार फूट म्हणजे ३०४.८ मीटर, म्हणजे ३०४८ डेसिमीटर. आणि लिटर म्हणजे डेसिमीटरच्या बाजूची छोटी पेटी. मोठ्या पेटीत छोट्या पेट्या ३०४८ × ३०४८ × ३०४८ बसणारच. हा रस्ता दोन ओळींचा होता, आधीच सांगता आला असता. पण मग संख्येकडे बघून तिच्याकडूनच माहिती काढायची कला राहून गेली असती. अनेकदा आपल्यापुढे नुसती संख्या असते, तिची जन्मकथा नसते.

घनमूळ हातानेही काढता येतं. भास्कराचार्यांच्या लीलावतीत उजवीकडून एक 'घन' आणि दोन 'अघन' अशी स्थानं खुणावून घनमूळ काढायची रीत दिली आहे; आपले तीन-तीन अंकांचे गट ते हेच. संख्या पूर्ण घन आहे हे माहीत असेल तर आणखी सोपं. निम्मी करून आलेली ५,५३,०६,३४१ घ्या, गट पाडा: ५५ | ३०६ | ३४१. शेवटचा अंक १, म्हणजे घनमूळाचाही १. पहिला गट ५५ हा ३च्या घनापेक्षा, २७पेक्षा, मोठा आणि ४च्या घनापेक्षा, ६४पेक्षा, लहान. म्हणून पहिला अंक ३. मधला अंक असा हवा की घनमूळाला ३ने भाग जावा: ३२१, ३५१ किंवा ३८१. ५५ हे ६४च्या जास्त जवळ, म्हणून ३८१. नऊ वेळा निम्मं केलं होतं, तेव्हा आता ८ने गुणा: ३०४८.

अवयव हाती आले की विभाजक मोजायलाही वेळ लागत नाही. २ घ्यायचा तर शून्य ते नऊ वेळा, म्हणजे दहा पर्याय. ३चे चार, १२७चे चार. दहा चोक चाळीस, चाळीस चोक एकशे साठ. या संख्येला बरोबर १६० विभाजक आहेत. त्यांतला एक नामांकित आहे: ८१२८. स्वतः सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच भरते ती परिपूर्ण संख्या. ६, २८, ४९६ आणि मग थेट ८१२८. ही चौथी परिपूर्ण संख्या म्हणजे २ सहा वेळा आणि १२७ एकदा, आणि आपल्याकडे दोन्ही पुरून उरतात. परिपूर्ण संख्येच्या कुठल्याही मोठ्या पटीत विभाजकांची बेरीज संख्येला ओलांडतेच. इथे ती होते ५६,१६,८२,२२,२०८, म्हणजे संख्येच्या जवळजवळ दुप्पट.

आता पुन्हा धरणाच्या सांडव्यावर येऊ. विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात, म्हणजे सेकंदाला घनफूट. एका दिवसात ८६,४०० सेकंद. किती क्युसेकने दिवसभर सोडलं की एक टीएमसी जातो? एक अब्ज भागिले ८६,४००: उत्तर ११,५७४.०७४०७४०७४... आणि ते ०७४ कधी संपत नाही. ८६,४००मध्ये २ सात वेळा, ३ तीन वेळा, ५ दोन वेळा. एक अब्जात नुसते २ आणि ५. छेद देऊन उरतं ३,१२,५०० भागिले २७. दहाच्या पोटात ३ नाही, म्हणून २७ने भागणं दशांशात कधी थांबत नाही; आणि २७ × ३७ = ९९९ असल्यामुळे तीन-तीन अंकांचं आवर्तन पडतं. कालव्याच्या आवर्तनासारखंच ठरलेल्या पाळीने परत येणारं.

हाच प्रश्न लिटरमध्ये विचारा. २८,३१,६८,४६,५९२ भागिले ८६,४०० म्हणजे सेकंदाला ३,२७,७४१.२८ लिटर. दोन दशांशांत संपलं! कारण फुटातल्या ३चा घन, म्हणजे २७, आणि दिवसातला २७ एकमेकांना खाऊन टाकतात. बारा इंचांचा फूट नसता तर हे जमलं नसतं. आणि डिंभ्याचे साडेतेरा टीएमसी म्हणजे २७ भागिले २, तिथेही २७ कटतो: पूर्ण भरलेलं धरण, साडेतेरा हा गोल आकडा धरून, बरोबर १,५६,२५० क्युसेक-दिवसांचं. दहा हजार क्युसेकचा अखंड विसर्ग धरला तर पंधरा दिवस आणि पंधरा तास. साठा सगळा कधी सोडत नाहीत आणि मृतसाठा तर कालव्याला चढतच नाही, ही गोष्ट वेगळी.

शेवटी गोळाबेरजेबद्दल. तक्त्यांत टीएमसीचे दशलक्ष घनमीटर, म्हणजे दलघमी, करताना सर्रास २८.३२ने गुणतात. व्यवहाराला ते पुरेसं आहे. फरक पडतो टीएमसीमागे ३१,५३,४०८ लिटरचा, दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर सव्वातीनशेला थोडे कमी टँकर. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात तो कुणाच्या खिजगणतीत नाही. पण अवयव पाहा. २८,३२,००,००,००० म्हणजे २ अकरा वेळा, ३ एकदा, ५ सात वेळा, आणि ५९. घन नाही. १२७ गायब, त्यामुळे ८१२८ही गेला. आणि हा ५९ कुठून आला याला उत्तर नाही. ना फुटात तो आहे, ना लिटरमध्ये. गोळाबेरीज संख्येचा आकार जपते, घडण अजिबात जपत नाही. हर्षदपणा तेवढा योगायोगाने वाचला: अंकांची बेरीज १५, आणि १५ने भाग जातो.